भादव्यात ये म्हणणाऱ्या बाबांना

आदरणीय बाबांना साष्टांग नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एखादी ओळ येईल. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नातीला मोठ्यानं वाचायला सांगा.

परतवाड्याहून तुमच्या गावी मी पहिल्यांदा आले ती दिवाळीनंतर. मी जिचा अभ्यास करत होते, त्या सफेद मुसळी या औषधी कंदाच्या झाडाचा पाला वाळून गेला होता. परसात जिथं जिथं ती होती तिथं तुम्ही तुराटीचे तुकडे रोवून ठेवले होते. तुम्ही म्हणालात, "पोरी, आता काहून खोदून राह्यली? आता ते झोपलं हाये. भादव्यात ये, तवा कंद भरते." मला घाई होती. तरीही तुम्ही मन न मोडता कंद काढून दिले, आणि मी ते पिशवीत घालून लाल गाडीनं अमरावतीला नेले.

त्यातून आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जनुकांची पेशीतली नक्कल, निघालाच नाही. रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर दोन स्वच्छ पट्टे दिसायला हवेत, तिथं वरून खालपर्यंत नुसता फराटा. आरएनए फार नाजूक असतो. तो तोडणारी विकरं (एन्झाइम) आपल्या बोटांवरसुद्धा असतात, आणि मी तर कंद तासन् तास उबेत ठेवले होते. त्यात मुसळीचा चिकटपणा असा, की खलात वाटलं की खळच होते. पुढं भरपूर मीठ आणि लिथियम क्लोराइड वापरून ती अडचण सुटली, पण नमुना कधी आणि कसा घ्यायचा हे तुमच्याकडूनच शिकले.

भादव्यात आले तेव्हा पाऊस सुरू होता. कंद तिथंच गोठवायला आणलेल्या, उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या डब्यावर तुम्ही प्लास्टिक धरून उभे होतात. गड्डा उपटू न देता तुम्ही बाजूची माती बोटांनी सारली, कडेचे दोनच कंद खुडले आणि डोळ्यांचा भाग तसाच ठेवून ओली माती तळहातानं दाबली. "डोळा मोडला का वंश गेला." जंगलातली मुसळी का संपत आली, ते मला त्या वाक्यात कळलं. बी पडायच्या आधीच अख्खा गड्डा उपटला, तर पुढच्या पावसाळ्यात उगवणार काय?

एवढं काय शोधतेस, असं तुम्ही विचारलं होतं, तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. कंद पाण्यात घुसळला की फेस येतो ना, तो सॅपोनिनचा. ते बनवताना झाड पंधरा-पंधरा कार्बनचे दोन रेणू जोडून तीस कार्बनचं स्क्वालीन तयार करतं. ही जोडणी करणारं विकर म्हणजे स्क्वालीन सिंथेज, आणि त्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे तो जनुक मी शोधत होते. याच स्क्वालीनपासून झाडाची इतर स्टेरॉलंही बनतात, म्हणून या एका जनुकानं सगळं कोडं सुटेल असं मी म्हणणार नाही. पण कंदात तो केव्हा जोरात चालतो हे कळलं, तर लागवडीसाठी चांगली रोपं निवडता येतील. शेतातली मुसळी पुरेशी कसदार झाली, तर जंगलात कुदळ घेऊन जायची गरज कमी होईल. मला मनापासून हेच हवं आहे.

तुमच्या त्या दोन कंदांतून जेलवर या जनुकाचा पट्टा आला, बाबा. 1,200 बेस-जोड्यांच्या, म्हणजे जनुकाच्या तेवढ्या अक्षरांच्या, खुणेच्या जरा वर, जिथं अपेक्षा होती तिथंच. रात्री साडेदहाला प्रयोगशाळेत एकटीच होते, आणि पहिली आठवण तुमची आली.

या मुसळीचं शास्त्रीय नाव 1955 साली मुंबईच्या बोरिवलीवरून ठेवलं गेलं, क्लोरोफायटम बोरिविलियानम. माझ्या वहीत मात्र नमुन्यासमोर तुमच्या परसाचं नाव आहे.

येत्या भादव्यात येतेच. ज्या गड्ड्यांचे कंद दिलेत, त्यांना यंदा किती पानं फुटली तेवढं नातीकडून लिहून ठेवा.

तुमची,
अमरावतीची पोरगी