कवाड

चॅन्डलर, ॲरिझोना, शुक्रवार रात्र

प्रिय बंड्या,

सात महिने झाले. वहिनींच्या ऑपरेशननंतर एक फोन केला, आणि त्यानंतरचे तुझे दोन मिस कॉल तसेच पडून आहेत. कारण काही नाही, नुसता आळस. माझी तब्येत ठीक, शुगर जिथल्या तिथे, सुनीता मजेत. झालं. आता मुद्द्याचं.

माझ्याकडून एक कवाड उघडं राहिलंय.

हसू नकोस. किंवा हस, पण पुढचं वाच. सुनीताला सांगितलं तर ती म्हणेल, एवढंच ना? तू तसं म्हणणार नाहीस, म्हणून तुला लिहितोय.

गेल्या शनिवारी एकटाच सायकल घेऊन ओरॅकलला गेलो. टूसॉनच्या उत्तरेला डोंगरात गाव आहे, साधारण 1,370 मीटरवर. तिथून ॲरिझोना ट्रेल उत्तरेकडे उतरते. मेक्सिकोच्या सरहद्दीपासून युटापर्यंत 800 मैलांची वाट, राखीव रानाचे पट्टे सोडले तर सायकलला मुभा. वर ओकची झाडं, खाली आलं की सग्वारो निवडुंगाचे खांब. ते खांब नजरेआड केले तर बाकी सगळं जत-आटपाडी. तेच कोरडे ओढे, वाळूत चाक रुतलं की उतरून ढकला. मेस्क्विट म्हणजे तर आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. आणि मांजरीच्या नखांसारखे काटे असलेलं एक झुडूप आहे, त्याला इथले लोक ‘थांब जरा’ म्हणतात. थांबावंच लागतं, बाही सोडत नाही.

दुपारी एका पवनचक्कीखाली जनावरांच्या टाकीपाशी डबा उघडला, तर समोर वशिंडवाली गाय! करडी, लांब कानांची, गळ्याखाली झोळ लोंबणारा. इथल्या ब्राह्मन जातीत गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णा खोऱ्याच्या जनावरांचं रक्त आहे. 1924 पासून त्यांची संघटनासुद्धा आहे, म्हणजे तुमच्या बेदाणावाल्यांच्या आधीपासून. मी तिला मराठीत हाक मारली. ढिम्म. तुझ्या मामाने हाक मारली असती तर गुपचूप येऊन उभी राहिली असती.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग चोया. हे निवडुंगाचं असं बेणं आहे की नुसतं जवळून गेलं तरी त्याचा गोळा अंगाला चिकटतो. एका वळणावर तोल गेला आणि डाव्या दंडावर दोन गोळे. हाताने काढायचं नाही, हात पण अडकतो. कंगवा घालून झटकायचा. म्हणून माझ्यासारखा टक्कल पडलेला माणूस खिशात कंगवा बाळगतो. गोळे उडाले, पण काटे आत राहिले. त्यांना उलटे दात असतात, पकडीने ओढला की कातडी तंबूसारखी वर येते, मग सुटतो. सतरा काढले. त्यात पाऊण तास गेला आणि डाव्या हाताची ताकद गेली.

नोव्हेंबरात इथे पाच-वीसला सूर्य मावळतो. उशीर झाला म्हणून वाट सोडून रँचच्या कच्च्या रस्त्याने हायवे गाठायचं ठरवलं. ट्रेलवरची फाटकं स्प्रिंगची, आपोआप लागतात. मोठ्या रस्त्यांवर फाटकाऐवजी खड्ड्यावर लोखंडी नळ्या आडव्या टाकलेल्या असतात, गाय त्यावर पाय ठेवत नाही. पण मी ज्या आडवाटेला लागलो तिथे तारेचं कवाड होतं. काटेरी तारेचे चार पदर, मध्ये दोन-तीन काठ्या, आणि टोकाच्या काठीचं बूड खांबाच्या तळाशी तारेच्या कड्यात घालायचं. मग काठीला खांद्याने मिठी मारून खांबाकडे दाबायचं आणि वरचं कडं तिच्या डोक्यात अडकवायचं. उघडताना कडं काढलं आणि काठी फाडकन उडून माझ्या अंगावर आली.

लावताना लागेना. चार बोटांचं अंतर उरायचं. उजव्या खांद्याने दाबलं, पाठ लावून दाबलं, सायकलची ट्यूब गुंडाळून ओढलं. डावा हात नुसता सोबतीला. तारेच्या आत चार गाया आणि एक वासरू येऊन उभी राहिली, माझा तमाशा बघत. अंधार पडला. शेवटी मेस्क्विटची वाळकी फांदी ओढून आडवी टाकली, आपण बोराटी लावायचो तशी, आणि निघालो. एक किलोमीटरवर हायवे. रात्री तिथे गाड्या ताशी शंभरच्या वर असतात, अमावास्या नुकतीच झालेली, आणि त्या चारातली एक गाय काळी होती.

सायकल-काँप्युटरवर 97 किलोमीटर. फोटो टाकले, लोकांनी अंगठे दाखवले.

सहा दिवस झोप नाही. रोज त्या भागातल्या अपघातांच्या बातम्या बघतो. काही नाही आलेलं. पण गाय मेली तर बातमी कोण देतं? शेरीफच्या ऑफिसला फोन लावला, बाईने विचारलं कुठलं गेट, मला नीट सांगता येईना, ठेवून दिला. घाबरून ठेवला, बंड्या, भाषेमुळे नाही. गंमत म्हणजे त्याच हायवेला ते बायोस्फीअर 2 आहे, काचेचं मोठं प्रयोगघर. 1991 साली आठ माणसं आत गेली आणि दार लावून दोन वर्षं बसली. त्यांना दार लावता आलं.

आता तू म्हणशील, फांदी लावलीस ना, मग? ती फांदी मी लावली कशी, ते मलाच माहीत. टाकली आणि पळालो.

1988 ची दिवाळी. मामाचा मळा. तू आजवर शंभर वेळा म्हणालास की कवाडाचा आकडा लावला होता, मी लावला होता. मी दरवेळी म्हणालो, लावला असशील बाबा, निसटला असेल. तुझ्या लग्नात प्यायल्यावर यावरूनच आपली जुंपली होती, आठवतं? तू आकडा लावलाच होतास. आपण आत आल्यावर माझी एक चप्पल बाहेर राहिली म्हणून मी परत गेलो. आणलीही. येताना आकडा गंजलेला होता, बसेना. मी दगड टेकवला आणि आलो.

खोंड रात्रीत शेजारच्या शाळूत शिरलं. गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, पोटात गेली की विष. सकाळी ते ओढ्यात पाय ताणून पडलेलं आणि मामा कासरा घेऊन तुझ्यामागे. मी पडवीत होतो. त्याच चपला घालून.

तू पुन्हा मामाकडे गेला नाहीस. त्यांच्या दहाव्यालासुद्धा नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच ‘जाऊ दे रे’ म्हणाला असतास आणि मी जाऊ दिलं असतं. शिवी द्यायची असेल तर लेखी दे, पोस्टाचा खर्च माझा.

यंदा बेदाण्याला भाव कसा आहे? अवकाळीने शेडवरचा माल भिजला म्हणे, आई सांगत होती. पिंकीचं शेवटचं वर्ष ना? तिला म्हणावं, इकडचे फॉर्म भरायचे असतील तर मला विचार, मी कामाचा आहे. वहिनी आता जिना चढतात का?

उद्या पहाटे साडेचारला निघतोय, गाडीने. सुनीताला सांगितलंय सायकलिंगचा चष्मा राहिला तिकडे. डिकीत पकड, हातमोजे आणि फूटभर दांडा टाकलाय. दांडा काठीमागे घालून ओढलं की कडं बसतं असं कामावरचा एक टेक्सासवाला म्हणाला. कवाड लावून फोटो पाठवतो. पत्र पोचेपर्यंत दोन आठवडे जातील, तोवर फोटो बघून नुसतं ‘हे काय?’ असं विचारू नकोस.

तुझा,
दिल्या