नेब्रास्काहून आई-बाबांना

ओमाहा, नेब्रास्का

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मक्याशिवाय आहे तरी काय तुमच्या राज्यात?" तेव्हा आवाज तुटत होता, म्हणून आता सविस्तर लिहिते. मका आहेच. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, माणसं जेमतेम २० लाख आणि गुरं त्यांच्या तिप्पट. (आई, ती कशासाठी पाळतात ते विचारू नकोस.)

पण उभा जन्म वीज बोर्डात काढलेल्या माणसाला सांगावी अशी गोष्ट वेगळी आहे. इथे घरोघरी वीज पुरवणारी एकही खाजगी कंपनी नाही. वीज मंडळं सार्वजनिक मालकीची, नाहीतर नगरपालिकेची किंवा सहकारी. अख्ख्या अमेरिकेत असं हे एकच राज्य. आणि राज्य कसलं, तर १९६४ नंतर अध्यक्षपदासाठी एकाही डेमोक्रॅटला न जिंकवणारं! 'सरकारी' म्हटलं की इथल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. विजेचं मात्र कोणी नाव काढत नाही.

झालं असं की १९३० च्या सुमारास शहरांत दिवे होते, शेतांवर कंदील. दोन घरांमध्ये मैलभर अंतर. तिथे खांब रोवणं कंपन्यांना परवडत नव्हतं. इथले सिनेटर जॉर्ज नॉरिस स्वतः रिपब्लिकन, पण वीज लोकांच्या मालकीची हवी यावर हटून बसलेले. १९३३ साली राज्याने सार्वजनिक वीज मंडळं काढायला परवानगी दिली. मंडळांनी कर न लावता रोखे काढले, विजेच्या उत्पन्नातून ते फेडले आणि कंपन्या एकेक करून विकत घेतल्या. १९४६ च्या अखेरीस ओमाहाची कंपनीही गेली. आमच्या मंडळाचे संचालक ग्राहक मतदान करून निवडतात. तुमच्या बोर्डाच्या २००५ साली कंपन्या झाल्या, तेव्हा तुम्ही किती चिडला होतात ते आठवलं.

नॉरिस यांनी आणखी एक उद्योग केला. राज्याच्या विधिमंडळाला दोन सभागृहं हवीतच कशाला, म्हणत गावोगाव फिरून प्रचार केला आणि १९३४ साली लोकांनी एकच सभागृह ठेवायचा कौल दिला. त्याच मतपत्रिकेवर दारूबंदी उठवण्याचा आणि घोड्यांच्या शर्यतीवरच्या पैजांचा प्रश्न होता. त्या उत्साहात हेही तरून गेलं असं लोक गमतीने म्हणतात. आता ४९ आमदार आहेत आणि मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत. पक्ष कुणाचा कोणता हे सगळ्यांना ठाऊक असतं, तो भाग वेगळा.

अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात राज्याची पाच मतं असतात, तीही इथे फुटू शकतात. दोन राज्यभराच्या निकालावर, बाकी तीन मतदारसंघांप्रमाणे. ओमाहाचं एक मत २००८, २०२० आणि २०२४ साली डेमोक्रॅटना गेलं. २०२४ मध्ये आमच्या गल्लीत कितीतरी अंगणांत पांढऱ्या पाटीवर नुसता निळा, म्हणजे डेमोक्रॅटांच्या रंगाचा, ठिपका होता. नाव नाही, घोषणा नाही. मतं अशी वाटण्याची पद्धत मोडायचा घाट घातला गेला होता, पण रिपब्लिकनांच्याच एका आमदाराने नकार दिला आणि तो बारगळला.

आता जमिनीचं. १८६२ च्या कायद्याने पाच वर्षं कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळाली. फुकट म्हणजे दुसऱ्याची. पोंका या इथल्या मूळ रहिवासी ('इंडियन') जमातीला तर नायोब्रारा नदीकाठच्या गावांतून सैन्याच्या बळावर दक्षिणेला हाकललं. तिथे त्यांचा मुखिया स्टँडिंग बेअर याचा मुलगा वारला. मला आपल्या भूमीत पुर, असं मुलाने सांगितलं होतं, म्हणून बाप त्याच्या अस्थी घेऊन भर थंडीत उत्तरेला निघाला आणि पकडला गेला. १८७९ मध्ये ओमाहाच्या न्यायालयाने निकाल दिला की इंडियन हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' आहे. हे न्यायालयात सिद्ध करावं लागलं, बाबा! २०१९ पासून वॉशिंग्टनच्या संसद भवनात त्याचा पुतळा आहे.

आणि तुमचा आवडता विषय, बोअर. विमानातून इथली शेतं हिरव्या वर्तुळांसारखी दिसतात, कारण पाण्याचा लांबलचक पाइप चाकांवर मधल्या खुंट्याभोवती फिरतो. पाणी जमिनीखालचं. त्यावर देखरेख करायला १९७२ पासून नदीखोऱ्यांप्रमाणे आखलेली मंडळं आहेत, आता २३, त्यांचेही संचालक लोकच निवडतात. काही भागांत बोअरला मीटर असतो आणि ठरल्यापेक्षा जास्त उपसता येत नाही. शेतकरी कुरकुरतात, पण नियम करणारेही बहुतेक शेजारचे शेतकरीच असतात.

तुम्ही उन्हाळ्यात आलात की वीज मंडळाच्या बैठकीला जाऊ. ती सर्वांना खुली असते, लोकांना बोलायला वेळही देतात. प्रश्न मात्र आधी मला दाखवा.

तुमची,
मनू