आमच्या क्लबच्या चिटणीससाहेबांना

आदरणीय चिटणीससाहेब,

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण तुमच्याबद्दल माझ्या माणसांना कळावं असं फार वाटतं. तुम्हाला मी ते समोर बसून इंग्रजीत वाचून दाखवीनच.

पाच वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीत, हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाच्या आपल्या क्लबच्या त्या गारठलेल्या क्लबघरात, मुलाची नोंदणी करायला आले होते. त्याच्या नावात 'ज्ञ' आहे. जिथे जावं तिथे त्या नावाची मोडतोड व्हायची, आणि पोरगं तर 'मला दुसरं नाव ठेव' म्हणायला लागलं होतं. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "सावकाश सांगा," म्हणालात आणि तीनदा ऐकलंत. मग म्हणालात, आयरिश नावांतही स्वरावर तिरकी रेघ असते, तिला फादा म्हणतात. कॉम्प्युटर ती गाळतो आणि नाव बिघडतं. त्याच दिवशी कपाटातून एक जुनी हर्ली, म्हणजे हर्लिंगची काठी, आणि हेल्मेट काढून दिलंत. हेल्मेट 2010 पासून सगळ्यांनाच सक्तीचं आहे, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

हर्लिंगमध्ये खेळाडूला मानधन नाही, तुम्हालाही नाही. दिवसभर नोकरी करून रात्री सामन्यांच्या तारखा जुळवायच्या, पंचांसाठी याद्या करायच्या, पाऊस पडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. 2024 च्या जुलैत क्लेअरचा संघ ऑल-आयर्लंड अंतिम सामन्यात पोचला तेव्हा तर तुमचा फोन थांबतच नव्हता, कारण डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमची तिकिटं क्लबांमार्फत वाटली जातात. स्वतःचं तिकीट तुम्ही मैदानाचं गवत कापणाऱ्या आजोबांना दिलंत आणि आमच्या पोरांसोबत टीव्हीसमोर बसलात. जादा वेळ, समोरच्या कॉर्कचे 1-34, म्हणजे एक गोल आणि 34 पॉइंट, आपले 3-29. गोलचे तीन पॉइंट धरून एकाच पॉइंटने जिंकलो! तुम्ही रडत होतात, आणि माझा मुलगा तुमचा हात धरून उभा होता.

तुमच्यामुळे या गावात आम्ही पाहुणे राहिलो नाही. मनापासून आभार.

आणि परवाचं सांगायचं राहिलं. सामन्याआधी माइकवर तुम्ही संघाची नावं वाचत होतात, तेव्हा साताऱ्याहून माझी आई फोनवर ऐकत होती. नातवाचं नाव आलं, ज्ञसकट स्वच्छ, आणि ती म्हणाली, "कोण गं हे गृहस्थ? आपल्याकडचेच का?"

तुमची,
अंडर-13 मधल्या एका खेळाडूची आई