ग्रुप सोडून गेलेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं नाव लिहीत नाही. वर्ग, विषय, गाव, काहीच लिहीत नाही. का, ते आपल्या दोघींना माहीत आहे आणि पत्र वाचता वाचता इतरांनाही कळेल. या पत्राचा कच्चा खर्डा तू वाचलास आणि त्यातल्या दोन ओळी काढायला सांगितल्यास. त्या काढल्या आहेत.

आभार मानायचे आहेत ते माझ्या बीजभाषणासाठी. त्या दिवशी शाल-श्रीफळ मला मिळालं, पण चहाच्या वेळी ज्यांनी ज्यांनी मला गाठलं त्या सगळ्यांनी एकाच भागाबद्दल विचारलं, आणि तो भाग तुझा होता.

‘उच्च शिक्षणात समाजमाध्यमे’ हा विषय मिळाला तेव्हा मी निर्धास्त होते. वाचन झालेलं होतं. फेसबुक २००४ साली हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि सुरुवातीला विद्यापीठाचा ईमेल असल्याशिवाय त्यात शिरताच येत नव्हतं. म्हणजे हे माध्यम जन्मलंच कॉलेजात, इथून मी सुरुवात करणार होते. मग कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचा २००८ चा अभ्यासक्रम. जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी तो सगळ्या जगाला खुला केला. फी भरलेले विद्यार्थी पंचवीसेक, आणि फुकट शिकायला आले २,२०० हून जास्त. मग आपल्या आयआयटींची व्याख्यानं ऑनलाइन देणारं एनपीटीईएल, आणि केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ, २०१७ चं स्वयम्. पाऊण तास सहज भरला असता. टाळ्याही मिळाल्या असत्या.

त्याच आठवड्यात मी तुला भर वर्गात उभं केलं. असाइनमेंट का दिली नाहीस? तू गप्प. ‘‘ग्रुपवर टाकलं होतं ना? सगळ्यांनी दिली, तुलाच कशी दिसली नाही?’’ तू खाली मान घालून उभी राहिलीस. त्या प्रश्नाबद्दल मी तुझी माफी मागितली आहे, इथे पुन्हा मागते.

तास संपल्यावर तू थांबलीस. आधी काहीच बोलली नाहीस, फक्त वही पुढे केलीस. अभ्यास करते हे मला दिसावं, एवढंच तुला हवं होतं. ती वही मी नीट पाहिली. प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक आकडे: १४.२०, १९.०५, ३१.४०. यूट्यूबवरचं व्याख्यान जिथे जिथे थांबवून आकृती काढलीस, तिथली ती वेळ. फोन भावाचा, तो दुपारी घेऊन जातो, म्हणून हाती असेल तेवढ्यात सगळं उतरवून घ्यायचं. ‘‘त्या सरांचं इंग्रजी भराभर असतं मॅडम, मी पाऊणच्या स्पीडवर लावते,’’ असं म्हणालीस. इतकी वर्षं शिकवते आहे, पण व्याख्यान पाऊण वेगाने ऐकता येतं आणि त्याने कुणाचं तरी अडलेलं सुटतं, हे मला तू सांगितलंस.

मग ग्रुपचं. मी ॲडमिन असलेल्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १९० जण होते. त्यातल्या कुणीतरी तुझा नंबर उचलला. आधी ‘हाय’, मग डीपीवरून काहीबाही, मग रात्री फोन. एक नंबर ब्लॉक केलास तर दुसऱ्या नंबरवरून. फोन भावाच्या हातात असताना मेसेज आला तर काय, या धास्तीने तू एका रात्री गुपचूप ग्रुप सोडलास. ‘‘घरी कळलं असतं तर त्यांनी त्या मुलाला काही केलं नसतं मॅडम. माझं कॉलेज बंद केलं असतं.’’

ग्रुप सोडल्याची नोंद ॲडमिनला दिसते. मलाही दिसली असणार. मी विचारलं नाही.

तुझं बोलणं ऐकल्यावर माझी सगळी तयारी एका बाजूने केलेली आहे हे मला दिसलं. शिक्षक किती पोहोचला, किती जण जोडले गेले, एवढंच मी मांडत होते. जोडलं जाण्याची किंमत कोण मोजतं, हे त्यात कुठेच नव्हतं. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलीचा नंबर १९० जणांच्या हातात देताना आम्ही तिला विचारलंही नव्हतं. हजेरीपुस्तकातले नंबर टाइप केले आणि ग्रुप तयार झाला.

मी अर्धं भाषण काढून टाकलं. मॅनिटोबा ठेवलं, कारण तिथे लोक आपापल्या इच्छेने आले होते आणि तो फरक मला दाखवायचा होता. पालघर नव्याने घातलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतल्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर टाकणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. हे तुला सांगितलं तेव्हा ‘‘नुसतं लाइक केलं म्हणून?’’ असं तू दोनदा विचारलंस. तू तेव्हा प्राथमिक शाळेत असशील. ऑनलाइन काही झालं की आधी मुलीलाच गप्प बसायला लागतं, हे सांगताना मला पालघरपासून तुझ्यापर्यंत एकच धागा दिसत होता.

तुझी गोष्ट सांगू का, म्हणून विचारलं तेव्हा तू एक दिवस मागून घेतलास. मग मी लिहिलेला परिच्छेद घेऊन बसलीस आणि पेन्सिलीने एकेक शब्द खोडत गेलीस. कॉलेजला कशी येतेस, ते गेलं. भाऊ काय करतो, ते गेलं. ‘‘एवढ्यावरून ओळखतील मॅडम.’’ शेवटी सात ओळींच्या तीन उरल्या. माहितीच्या गोपनीयतेवर मी शिबिरं केली आहेत, प्रमाणपत्रं आहेत माझ्याकडे. पण कुठल्या तपशिलावरून माणूस सापडतो, हे त्या अर्ध्या तासात तुझ्या खोडरबराकडे बघून कळलं.

त्या तीन ओळी मी कागदावरून वाचून दाखवल्या, जशा तू ठेवल्या होत्यास तशाच. सभागृहात दोनशेच्या आसपास प्राध्यापक होते. त्यांना मी स्लाइडवर काही दाखवलं नाही, फक्त आपापल्या वर्गाचा ग्रुप उघडायला सांगितला आणि त्यातले नंबर कुणाकुणाला दिसतात ते बघायला सांगितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बराच वेळ कुणी वर बघेना.

मग उपाय सांगितले. व्हॉट्सॲपवर कम्युनिटीच्या घोषणा-गटात किंवा चॅनेलवर सूचना दिली, तर मुलांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ही सोय काही वर्षांपासून आहे, आपण वापरत नाही. प्रत्येक सूचना फलकावर आणि ग्रंथालयाच्या दारावर लागलीच पाहिजे. फोन नसलेल्या मुलाला ‘ग्रुपवर टाकलं होतं’ हे उत्तर देता येणार नाही. रात्री टाकलेल्या सूचनेची मुदत दुसऱ्या दिवशी संपता कामा नये. आणि मुलीने नको म्हटल्यावरही पुरुषाने जवळीक साधायला तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं. तक्रार करायची की नाही हे तू ठरवशील. अंतर्गत तक्रार समितीकडे जायचं ठरवलंस तर मी बरोबर येईन. नाही ठरवलंस तरी माझं मत तुझ्याबद्दल तसूभर बदलणार नाही.

चहाच्या वेळी एक ज्येष्ठ सर फोन घेऊन आले आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी नवा घोषणा-गट करून घेतला. एका मॅडमचे डोळे भरून आले होते. त्यांच्या वर्गातूनही दोन मुली ग्रुप सोडून गेल्या होत्या, म्हणाल्या, परत गेल्यावर विचारते.

आपला तो जुना ग्रुप मी बंद केला आहे. पुढच्या असाइनमेंटची सूचना शुक्रवारी ग्रंथालयाच्या दारावर लागेल, मुदत दहा दिवसांची आहे.

तुझी वही माझ्याकडेच राहिली आहे, टेबलाच्या उजव्या खणात. सोमवारी घेऊन जा. ३१.४० ची आकृती अर्धी राहिली आहे, ती आपण बसून पूर्ण करू.

मनापासून आभार, बाळ.

तुझ्या मॅडम