नदीचा काठ बर्फही घडवतो

संपादक महोदय,

नद्यांच्या आकारावरचा तुमच्या पुरवणीतला लेख आवडला, पण त्यात सगळं श्रेय पुराच्या पाण्याला दिलंय आणि बर्फाचा साधा उल्लेखही नाही, हे खटकलं. सायबेरियातली लेना नदी उत्तरेकडे वाहते, म्हणून वसंतात वरच्या अंगाचा बर्फ आधी फुटतो आणि खाली नदी अजून गोठलेलीच असते, मग तुकडे अडकून बांध तयार होतो, पाणी तुंबतं आणि तो फुटला की बर्फाच्या लाद्या काठ खरवडत, झाडांच्या साली सोलत सुटतात. मे २००१ मध्ये अशाच बांधामुळे लेन्स्क शहर बुडालं, बर्फ फोडायला विमानांतून बॉम्ब टाकावे लागले! अशा वेळी प्रवाह मोजणारी यंत्रंही बर्फ चिरडून टाकतो, तरी संशोधक मोजमाप सोडत नाहीत. त्यांच्यावर एक लेख छापाच.

– एक वाचक