छपरापासून पायापर्यंत: टोर्नेडोच्या पट्ट्यातले पर्यावरणपूरक घर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पर्यावरणपूरक घरांविषयी लिहिताना माती, बांबू, सौर पॅनेल, पावसाच्या पाण्याची साठवण यांवर भरभरून लिहिले जाते. छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला कशाने धरली आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. टोर्नेडोच्या पट्ट्यात, म्हणजे जमिनीला टेकणारी भोवऱ्यासारखी वादळे वारंवार येतात अशा प्रदेशात, हाच प्रश्न पहिला आहे. कोसळलेल्या घरातले लाकूड, काच, फोम, तारा आणि प्लास्टर असे एकमेकांत मिसळते की त्यातले फारसे काही पुन्हा वापरता येत नाही. मग त्याच जागी सिमेंट, पोलाद आणि लाकूड दुसऱ्यांदा लागते आणि अनेक वर्षांच्या ऊर्जाबचतीवर पाणी पडते.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते आणि त्याची सूचना एक-दोन दिवस आधी मिळते. टोर्नेडोचा मार्ग बहुधा काहीशे मीटर रुंदीचा असतो आणि इशाऱ्यानंतर हाती राहतात ती मिनिटे. त्यामुळे खिडक्यांवर फळ्या ठोकणे, झडपा लावणे यांसारखे चक्रीवादळाचे उपाय इथे कामाचे नाहीत. जे करायचे ते बांधकामातच झालेले असले पाहिजे. ‘आतला-बाहेरचा दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडा’ हा जुना सल्ला तर घातकच. खिडकी उघडली की वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो, वरून शोषण चालूच असते आणि वर उचलणारे बल जवळजवळ दुप्पट होऊ शकते.

हे बल किती असते? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला 60 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 216 किलोमीटर वेगाला तो दर चौरस मीटरला सुमारे 225 किलो भरतो. 10 × 10 मीटरच्या छपरावर साधारण तेवढेच शोषण धरले, तर 22 टन वर ओढतात. हलक्या छपराचे स्वतःचे वजन फार तर तीन-चार टन. वासे 60 सेंमी अंतरावर असतील तर दोन्ही भिंतींवर मिळून त्यांची 35 टोके होतात आणि प्रत्येक टोकावर 500 किलोंहून अधिक ओढ येते. तिरपे ठोकलेले दोन-तीन खिळे याच्या निम्म्यालाही पुरत नाहीत. घर बहुतेकदा मोडते ते याच जोडावर. लाकूड शाबूत राहते, खिळे तेवढे उपसून येतात.

म्हणून वरपासून खालपर्यंत एक अखंड साखळी लागते. छपराचे प्लायवूड वाशांवर आडव्या कंगोऱ्यांच्या (रिंग-शँक) अडीच इंची खिळ्यांनी बसवावे, कडांना 10 सेंमीवर आणि मधल्या भागात 15 सेंमीवर. गुळगुळीत खिळा वाऱ्याच्या झटक्यांनी हळूहळू सैल होतो, कंगोऱ्यांचा खिळा लाकडाला धरून राहतो. प्रत्येक वाशावरून वळसा घालून दोन्ही बाजूंनी भिंतीत खिळलेली गॅल्व्हनाइज्ड पट्टी हवी. खिळ्यांसाठी पाडलेली भोके सगळी भरलीच पाहिजेत, कारण अर्धी रिकामी ठेवली की पट्टीची क्षमताही तेवढीच उतरते. भिंतीचे बाहेरचे प्लायवूड वरच्या पट्टीपासून तळाच्या लाकडी पट्टीपर्यंत सलग यावे. तळपट्टी पायाला 12 मिमीच्या बोल्टने, किमान 18 सेंमी खोल गाडून, 1.2 मीटरपेक्षा जवळ अंतरावर आणि प्रत्येक कोपऱ्यापासून 30 सेंमीच्या आत बांधावी. बोल्टच्या नटाखाली छोटा गोल वॉशर नको, साडेसात सेंमीची चौकोनी जाड पट्टी हवी. गोल वॉशर लाकूड चिरून आरपार निघतो आणि बोल्ट पायात तसाच उभा राहतो.

या सगळ्याला पोलाद किती लागते? एका घराला काही किलो पट्ट्या आणि काही हजार खिळे. पर्यावरणाच्या हिशेबात याहून स्वस्त दुसरी वस्तू नाही. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या मूर शहरात 20 मे 2013 रोजी ईएफ-5 (टोर्नेडोच्या तीव्रतेच्या ईएफ श्रेणीतला सर्वोच्च दर्जा) टोर्नेडोने 24 बळी घेतले. त्यानंतर 2014 मध्ये त्या शहराने नव्या घरांसाठी ताशी 135 मैल, म्हणजे 217 किलोमीटर वाऱ्याचा निकष नियमात घातला. तो आकडा ईएफ-2 ची वरची मर्यादा आहे. बहुतांश टोर्नेडो ईएफ-2 किंवा त्याखालचेच असतात, आणि ईएफ-5 आला तरी त्याचा सर्वांत तीव्र वारा अरुंद पट्ट्यात असतो. कडेची कितीतरी घरे याहून कमी वेगाच्या वाऱ्यात सापडतात. तीच वाचवण्याजोगी असतात.

छपराच्या आकाराविषयी मत स्पष्ट द्यावेसे वाटते: चौपाखी छप्पर घ्यावे, दुपाखी टाळावे. दुपाखीच्या टोकाची त्रिकोणी भिंत वाऱ्याला सपाट छातीने सामोरी जाते आणि तिला वर आधार नसतो. ती आत कोसळली की छपराचा सांगाडा पत्त्यांसारखा आडवा होतो. उतार 30 अंशांच्या आसपास बरा. वळचणीचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. सावलीसाठी खोल वळचण हवी आणि वाऱ्यासाठी तीच घातक, कारण वारा तिला खालून पकडतो. वळचण 30-40 सेंमीवर थांबवावी आणि सावलीसाठी वेगळ्या खांबांवरचा, घराच्या छपराला न जोडलेला मांडव घ्यावा. तो उडाला तर एकटाच उडतो. पडवीचे छप्पर मुख्य छपराचाच लांबवलेला भाग करणे ही नेहमीची चूक आहे. पडवी सुटताना आख्खे पाखे सोलून नेते.

भिंतींसाठी ‘नैसर्गिक’ साहित्य वापरता येते, पण प्रत्येकाचा कमकुवत दुवा ओळखून. मातीची ठोकलेली भिंत किंवा दाबलेल्या विटांची भिंत जड असते, पण ताण सहन करत नाही. तिच्यात पायापासून वरच्या काँक्रीटच्या पट्ट्यापर्यंत उभ्या सळ्या लागतात, आणि छप्पर त्या पट्ट्याला बांधायचे, मातीला नव्हे. गवताच्या गठ्ठ्यांची भिंत तिरके आधार दिलेल्या चौकटीत भरावी आणि दोन्ही बाजूंना जाळी लावून गिलावा करावा. तिचा खरा शत्रू वादळानंतरचा पाऊस. छपराचा एक पत्रा गेला आणि गठ्ठे भिजून राहिले तर ते आतून कुजतात. बांबू लवचीक आहे, पण जोड सुतळीचा असून चालणार नाही. बोल्टचे भोक गाठीजवळ पाडावे आणि तिथली पोकळी सिमेंटच्या मसाल्याने भरावी. तसे केले नाही तर बांबू लांबीत चिरतो.

उडत्या वस्तूंसाठी सर्वांत भरवशाची भिंत सळ्यांच्या काँक्रीटची. फोमचे साचे तसेच ठेवून मध्ये 15 सेंमी काँक्रीट ओतण्याच्या पद्धतीत ताकद आणि उष्णतारोधन एकदमच मिळते. सिमेंटचा कार्बनभार कमी करायला 30 ते 50 टक्के सिमेंटऐवजी लोखंडाच्या भट्टीची मळी (स्लॅग) वापरता येते. ताकद मात्र सावकाश येते. जिथे साचे काढायचे असतात तिथे ते काढण्याची आणि पाणी मारण्याची मुदत वाढवली नाही तर हीच बचत अंगाशी येते. साच्याच्या भिंतीत आणखी एक धोका आहे. ओतताना काँक्रीट नीट बसवले नाही तर खिडकीच्या चौकटीखाली पोकळ्या राहतात आणि फोममुळे त्या कधीच दिसत नाहीत.

कॅन्सस राज्यातले ग्रीन्सबर्ग 4 मे 2007 च्या ईएफ-5 टोर्नेडोत जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले. काँक्रीटचे गोल धान्यकोठार मात्र उभे राहिले. त्या गावाने पुढे पर्यावरणपूरक पुनर्बांधणीचा निर्णय घेतला आणि नगरपालिकेच्या मोठ्या इमारतींसाठी लीड प्लॅटिनम (पर्यावरणपूरक इमारतींच्या अमेरिकी मानांकनातला सर्वोच्च) दर्जा ठरवला. दोन्ही उद्दिष्टे एकाच आराखड्यात बसतात, हे तिथे दिसले.

संपूर्ण घर ईएफ-5 साठी बांधू नये. त्यात साहित्याची उधळपट्टी आहे. घर 217 किलोमीटरसाठी आणि आतली एक आसऱ्याची खोली ताशी 400 किलोमीटरसाठी (250 मैल), ही विभागणी योग्य. या खोलीची प्रमाणित चाचणी अशी: 6.8 किलो वजनाचा लाकडी वासा ताशी 160 किलोमीटर वेगाने भिंतीवर मारला जातो आणि तो आत येता कामा नये. पोकळ काँक्रीट ब्लॉकची भिंत यात फुटते. 20 सेंमी ब्लॉकच्या सगळ्या पोकळ्या उभ्या सळ्या घालून मसाल्याने भरल्या तर टिकते. दर माणशी किमान 0.28 चौरस मीटर जागा धरतात, कारण मुक्काम दोन तासांचा मानलेला असतो. रोज वापरात असलेले न्हाणीघर किंवा कोठीघरच ही खोली करावी, म्हणजे वेगळे बांधकाम लागत नाही. तिच्या भिंती घराच्या छपराला बांधू नयेत, नाहीतर उडणारे छप्पर तिलाही ओढते. दार हा सर्वांत दुबळा भाग. पोलादी पल्ला, चौकट, तीन बिजागऱ्या आणि तीन कड्या असा चाचणी झालेला पूर्ण संचच घ्यावा. चांगला पल्ला साध्या चौकटीत बसवला तर चौकटच निखळते. पल्ला आत उघडणारा असावा, कारण बाहेर ढिगारा साचू शकतो.

जमिनीखालची खोली सुरक्षित, पण भूजल वर असेल तिथे तिला पाणी वर ढकलते. 2 × 2.5 × 2 मीटरची बंद पेटी 10 टन उत्प्लावन झेलते. तिचे स्वतःचे वजन तेवढे नसेल तर तळाचा स्लॅब बाहेर काढून त्यावर मातीचा भार द्यावा.

सौर पॅनेल छपराच्या कडा आणि कोपरे सोडून, छपराला समांतर आणि जवळ बसवावेत. शोषण कडांनाच सर्वांत जास्त असते. नुसत्या वजनावर ठेवलेल्या चौकटी इथे चालत नाहीत. जागा असेल तर जमिनीवर, काँक्रीटच्या पायात धरलेली चौकट अधिक बरी, म्हणजे छपरावरचा भारही वाढत नाही. पाण्याची टाकी जमिनीखाली. छपरावरची अर्धी रिकामी टाकी उडते. छपरावर सुटी कौले किंवा खडी नको, वाऱ्यात ती तोफगोळ्यांसारखी सुटतात. 26 एप्रिल 1989 रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात टोर्नेडोत सुमारे 1300 माणसे गेली. अशा वादळात सुटे पत्रे माणसांसाठी पात्यांसारखे ठरतात. खिडक्यांना लॅमिनेटेड काच घ्यावी. फुटली तरी मधल्या थराला तिचे तुकडे चिकटून राहतात. टेम्पर्ड काच त्या जागी चालत नाही, ती फुटली की भोक उघडे पडते. गॅरेजचे रुंद दार बहुधा सर्वांत आधी आत वाकते. त्याला मधले आडवे पोलादी आधार हवेतच.

हे सारे जोड शेवटी प्लायवूड आणि गिलाव्यामागे झाकले जातात. म्हणून गिलावा करण्यापूर्वी एक दिवस तपासणीसाठी राखून ठेवावा. प्रत्येक वाशाच्या टोकाचा फोटो काढावा, सुटलेल्या पट्ट्या मोजाव्यात, बोल्टचे नट पान्याने आवळून पाहावेत. आपल्या दैनिकात पर्यावरणपूरक घरांचे आराखडे छापताना दर्शनी चित्रासोबत छपरापासून पायापर्यंतचा एक काटछेद, जोडांची मापे लिहिलेला, जरूर छापावा ही विनंती.

आपला विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता