दादा, तुझ्या यादीतलं काय आणू, काय नको

गेंट, बेल्जियम
नोव्हेंबरचा पहिला आठवडा

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

तुझी बिअरची यादी मिळाली. तालमीतल्या मंडळींनी नावं अगदी वेचून काढलीत: वेस्टफ्लेटेरेन १२, कॅन्टिलॉन आणि ड्री फॉन्टेनेन या दोन कारखान्यांची ग्यूझ ही आंबट बिअर, आणि शेवटी अमेरिकेतली हेडी टॉपर. डिसेंबरात येताना यातलं काय आणता येईल, पैसे किती पडतील आणि कुठल्या बाटलीपायी आटापिटा करण्यात अर्थ नाही, ते सविस्तर लिहितो. फोनवर निम्मं राहून जातं.

आधी एक आकडा पक्का धरा: २ लिटर. भारतात उतरणाऱ्या प्रौढ प्रवाशाला तेवढीच दारू ड्युटी न भरता आणता येते, आणि त्यात बिअरही मोजली जाते. बेल्जियमची नेहमीची बाटली ३३० मिलिलिटरची, म्हणजे ६ बाटल्यांचे १,९८० मिलिलिटर. सातवी बाटली घेतली की ड्युटी लागते, आणि दारूवरची ड्युटी बाटलीच्या मूळ किमतीला लाजवेल अशी असते. ग्यूझच्या मोठ्या बाटल्या ७५० मिलिलिटरच्या असतात. त्या घेतल्या तर दोन मोठ्या आणि एक लहान, बस्स. तेव्हा मंडळींना सांग, यादी कितीही लांब असो, एका माणसामागे हिशोब सहा लहान बाटल्यांचाच आहे. पार्सलने पाठवायचं तर मनातूनच काढून टाका. टपाल आणि कुरियरवाल्यांची दारूवर बंधनं आहेत, आणि कस्टममध्ये अडकलं की बिअर तिथेच उकाड्यात पडून राहते.

आता वेस्टफ्लेटेरेन. हे गाव बेल्जियमच्या पश्चिम टोकाला, पोपरिंगेजवळ आहे. तिथल्या सेंट सिक्स्टस मठातले ट्रॅपिस्ट पंथाचे ख्रिस्ती साधू १८३९ पासून बिअर बनवतात. वर्षाला ६,००० हेक्टोलिटरच्या आसपास, म्हणजे सहाएक लाख लिटर. मागणी कितीही वाढली तरी ते उत्पादन वाढवत नाहीत, कारण मठ चालण्यापुरता पैसा मिळाला की त्यांचं काम भागतं. २००५ मध्ये रेटबिअर या बिअरला गुण देणाऱ्या संकेतस्थळावर १२ नंबरची बिअर जगात पहिली ठरली आणि तेव्हापासून मठाच्या दारात रांगा लागल्या. दुर्मिळ आहे म्हणून ती महाग असेल असं सगळ्यांना वाटतं. मठाच्या दारात ती स्वस्तच आहे. पैसा जातो तो तिथवर पोचण्यात.

मठातून बिअर घ्यायची तर आधी नोंदणी लागते. पूर्वी ती फोनवर व्हायची आणि फोन लागता लागत नसे. २०१९ पासून ती ऑनलाइन झाली. आधी मठाच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं आणि नोंदणीत गाडीचा नंबर द्यायचा. विक्रीची तारीख-वेळ जाहीर होते, त्या वेळी आभासी रांगेत थांबायचं. ज्यांनी बरेच दिवस घेतली नाही त्यांना आधी संधी मिळते.  ही पद्धत आली तेव्हा एकदा घेतली की ६० दिवस पुन्हा मागता येत नसे आणि मर्यादा दोन क्रेटची होती, क्रेटमध्ये २४ बाटल्या. नंबर लागला की उचलायची तारीख आणि वेळ निवडायची, पैसे भरायचे आणि त्याच गाडीने जायचं. लाकडी क्रेट आणि बाटल्यांची अनामत वेगळी, ती रिकामा क्रेट मठात परत नेल्यावर मिळते. नफ्यासाठी पुढे विकायची नाही, ही अट घेणाऱ्याला मान्य करावी लागते.

गेंटहून मठ ऐंशीएक किलोमीटर. स्वतःची गाडी नसेल तर एका दिवसाचं भाडं आणि पेट्रोल मिळून क्रेटच्या किमतीच्या पुढे जातं, आणि नोंदणीच्या वेळी भाड्याच्या गाडीचा नंबर हातात नसतो ही आणखी एक अडचण. म्हणून इथले लोक गाडीवाल्या मित्राला धरतात आणि क्रेट वाटून घेतात. रेल्वेने पोपरिंगेपर्यंत जाऊन पुढे सायकलने गेलं तर मठासमोरच्या ‘इन दे व्रेडे’ या कॅफेत बसून पिता येते. तिथल्या दुकानात कधी थोड्या बाटल्या विकायला असतात, कधी नसतात. त्यावर भरवसा ठेवून निघू नये.

तिसरी वाट म्हणजे ब्रसेल्समधली पर्यटकांची दुकानं. तिथे हीच बाटली दहा-पंधरा युरोला मिळते. युरो शंभर रुपयांच्या आसपास धर, म्हणजे सहा बाटल्यांचे सहा ते नऊ हजार रुपये झाले. २०१८ मध्ये हॉलंडमधल्या एका सुपरमार्केट साखळीने मठाला न विचारता ही बिअर जवळपास दहा युरोला विकायला ठेवली होती. तेव्हा मठात बाटली दोन युरोच्या आत पडत होती. साधूंना ते फार लागलं, आणि मलाही ते बरोबर वाटतं. ज्यांनी नफ्याला मुद्दाम नाही म्हटलं, त्यांच्या मालावर दुसऱ्याने पाचपट कमवावं हे योग्य नाही. त्या दुकानांतून मी घेणार नाही.

बाटली ओळखायची खूणही सांगतो. तपकिरी काच, मानेवर काचेतच उठावात ‘ट्रॅपिस्टेनबिअर’ अशी अक्षरं, आणि माहिती टोपणावर. ५.८ टक्के अल्कोहोलच्या ब्लाँडचं, म्हणजे फिकट बिअरचं, टोपण हिरवं, ८ टक्क्यांच्या ‘८’चं निळं, आणि १०.२ टक्क्यांच्या ‘१२’चं पिवळं. तारीखही टोपणावरच छापलेली असते, म्हणून उघडताना टोपण वाकवून फेकू नका.

आता नीट वाच, कारण माझा खरा सल्ला इथे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मठाने उत्पादन कमी केलं आणि १९४६ ते १९९२ या काळात सेंट सिक्स्टसच्या नावाची बिअर जवळच्याच वाटू गावातल्या सेंट बर्नार्डस कारखान्यात परवान्यावर बनत होती. परवाना संपला तसं नाव बदललं, बिअर चालू राहिली. तीच आजची सेंट बर्नार्डस आब्ट १२: १० टक्के, गडद, मनुका-खजुराच्या अंगाची. इथल्या साध्या सुपरमार्केटात दोन-तीन युरोला मिळते, ना नोंदणी लागते ना गाडीचा नंबर. दोन्ही अगदी एक आहेत असं म्हणणार नाही. वेस्टफ्लेटेरेन आता वेस्टमाले मठाचं यीस्ट वापरते आणि मला ती थोडी कोरडी, जास्त खोल लागते. पण ग्लासात शेजारी ठेवल्या तर फरक सांगायला सराव हवा. त्याच तोलाची तिसरी म्हणजे ११.३ टक्क्यांची रॉशफोर १०, तीही दुकानात सहज मिळते. मठाची नोंदणी मिळाली तर दोन पिवळ्या टोपणाच्या, दोन आब्ट, दोन रॉशफोर अशा सहा आणतो. नाही मिळाली तर आब्ट आणि रॉशफोर तीन-तीन. मंडळींना दोन-तीन बिअर शेजारी ठेवून चाखता येतील, आणि एकाच नावाच्या सहा बाटल्यांपेक्षा त्यातून जास्त कळेल.

या गडद बिअरमधला रंग आणि सुक्या मेव्याची चव बरीचशी कँडी साखरेतून येते. ती बीटच्या साखरेची, पाक करपवून गडद केलेली असते. आपल्याकडच्या गुऱ्हाळावरच्या काकवीचा वास आठव, म्हणजे अंदाज येईल.

ग्यूझचं गणित वेगळं. ब्रसेल्स आणि त्याच्या नैऋत्येच्या पट्ट्यात ती बनते. उकळलेला माल्ट-गव्हाचा रस रात्रभर उथळ, उघड्या टाकीत थंड करतात आणि हवेतलं यीस्ट आपोआप त्यात उतरतं. म्हणून काम फक्त थंडीत चालतं, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. मग ओकच्या पिंपात मुरवण, आणि एक, दोन व तीन वर्षांची बिअर एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवण. वेळ एवढा लागतो, मग माल थोडा असणारच. कॅन्टिलॉनचा कारखाना ब्रसेल्सच्या अँडरलेख्त भागात आहे, तिथे जाऊन घेतली तर भाव वाजवी. मात्र काही प्रकार तिथेच बसून प्यायचे, काही माणशी ठरावीकच मिळतात, आणि आज काय शिल्लक आहे ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. चव आंबट आणि कोरडी. थंडगार स्ट्राँग बिअरची सवय असलेल्याला पहिला घोट बिघडल्यासारखा लागतो. सहाच बाटल्यांच्या जागेतली ७५० मिलिलिटर त्यावर घालवावी का, ते तुम्ही ठरवा. माझं मत विचारशील तर या खेपेला नको.

ड्री फॉन्टेनेनचं नाव यादीत आहे म्हणून उष्णतेबद्दल सांगतो. २००९ मध्ये तिथे बाटल्या मुरवायच्या खोलीचा थर्मोस्टॅट बिघडला आणि हीटर चालूच राहिला. हजारो बाटल्या फुटल्या, उरलेली बिअर तापून विकण्याजोगी राहिली नाही. शेवटी तिचं स्पिरिट गाळावं लागलं. जिवंत यीस्ट असलेली बाटली उन्हात बंद गाडीत राहिली तर काय होतं, ते यावरून समजून घे.

हेडी टॉपर मात्र विसरा. ती व्हर्माँटमधल्या ‘द अल्केमिस्ट’ची, ८ टक्क्यांची, हॉप्सचा (बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) भरपूर वास असलेली, १६ औंसांच्या डब्यात. अमेरिकेत १९३३ ला दारूबंदी उठल्यापासून उत्पादक, घाऊक विक्रेता आणि दुकानदार असे तीन टप्पे वेगळे ठेवलेत आणि नियम राज्यागणिक बदलतात. सरकारी टपालाने दारू पाठवताच येत नाही. म्हणून तिथले लोक गाडी काढून शेकडो मैल जातात किंवा आपसात डब्यांची अदलाबदल करतात. एवढं करून कुणी इथे आणून दिली तरी हॉप्सचा ताजा वास काही आठवड्यांत उडतो, आणि गरम झाली की आणखी लवकर. कोल्हापुरात पोचेल तेव्हा ज्यासाठी एवढी धडपड केली तेच त्यात नसेल. ताजी हॉप्सची बिअर प्यायची असेल तर पुण्यात मायक्रोब्रुअरीत टाकीतून ओतलेली प्या. डूलालीने २००९ मध्ये तिथेच सुरुवात केली आणि आता पुण्यात पर्याय पुष्कळ आहेत. गडद, जास्त टक्क्यांची, बाटलीत यीस्ट असलेली बिअर प्रवास सोसते. तिला महिना-दोन महिने काहीच नाहीत.

बाटल्या केबिनमध्ये नेता येत नाहीत, १०० मिलिलिटरच्या वरचं पातळ सगळं चेक-इनमध्ये. लोकांना वाटतं की हवेच्या दाबाने बाटली फुटते. सामानाच्या कप्प्यातही दाब राखलेला असतो. बाटली फुटते ती बॅग आपटल्याने, आणि बहुधा मानेतून. म्हणून मानेभोवती आधी एक मोजा, मग सगळ्या बाटलीला बबल रॅप, मग झिपची पिशवी, म्हणजे फुटलीच तर कपडे वाचतील. काचेला काच टेकू द्यायची नाही, मध्ये जीन्सची घडी हवी. बॅगेच्या मधोमध ठेवायच्या, कडेला किंवा चाकांकडे नाही. सहा बाटल्यांचं वजन जवळपास ४ किलो. मुंबईहून कोल्हापूरच्या विमानात बहुतेक १५ किलोच नेता येतात, त्यामुळे जादा वजनाचे पैसे धरावे लागतील. त्यापेक्षा तू गाडी घेऊन मुंबईला येत असशील तर उत्तम. बॅग डिकीत नको, आत एसीत पायाशी ठेवू.

घरी आल्यावर बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवू नका, उघडझाप झाली की गाळ हलतो. खालच्या कप्प्यात उभ्या ठेवायच्या, निदान तीन-चार दिवस. प्रवासातून आल्या आल्या उघडली तर फेस उसळून निम्मी बाहेर जाते. पिण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा. १२-१४ अंशांना तिची चव खुलते. बर्फागत थंड केली तर नुसता कडवटपणा लागतो. ग्लास रुंद तोंडाचा काचेचा घ्या आणि साबणाचा अंश राहू देऊ नका, त्याने फेस मरतो. ग्लास तिरका धरून एका दमात ओता आणि तळाची बोटभर बिअर बाटलीतच राहू द्या. तो गाळ यीस्टचा, अपायकारक नाही, पण त्याने बिअर गढूळ होते.

प्रमाण मंडळींना आधीच सांगून ठेव. ३३० मिलिलिटरला १०.२ टक्के म्हणजे ३३-३४ मिलिलिटर अल्कोहोल, आपल्या ५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या अख्ख्या बाटलीएवढं. बाटली लहान दिसते म्हणून घटाघट पिऊ नका. दोघांत एक पुरते, आणि नंतर कुणी गाडीला हात लावायचा नाही. तांबड्या रस्स्याबरोबर तर घेऊच नका. अल्कोहोल आणि गॅस दोन्ही तिखट आणखी पेटवतात, आणि मग ना रस्सा कळतो ना बिअर. पांढऱ्या रस्स्याशी किंवा सुक्या मटणाशी जमते. सगळ्यात छान लागते ती जेवण झाल्यावर, नुसती, सावकाश.

परवान्याचं तेवढं बघ. महाराष्ट्रात घरी पिण्यासाठी आणि बाळगण्यासाठी तो लागतो. तुझ्याकडे आजीवन असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर राज्य उत्पादन शुल्क खात्यातून काढून घे. आणि कायद्याने ठरवलेल्या वयाच्या आतल्या कुणाला ग्लास द्यायचा नाही, मग तो तालमीतला कितीही लाडका असो.

येत्या रविवारपर्यंत एवढं कळव: चाखायला नक्की किती जण आहेत, ग्यूझ हवीच का, आणि मुंबईला गाडी येणार की नाही. इथल्या मित्राला गाडीच्या नंबरासाठी मी विचारून ठेवलं आहे. मठाची पुढची विक्री जाहीर झाली की त्याच दिवशी नोंदणीला बसतो. ती नाही मिळाली तर आब्ट आणि रॉशफोर निघायच्या आठवड्यात घेईन.

आई-बाबांना शि. सा. नमस्कार. वहिनींना सांग, त्यांची चॉकलेटं वेगळ्या बॅगेत आणतोय, बाटल्यांशेजारी नाही. चिंगीला आशीर्वाद.

तुझा,
बाळू